टोपीचा रंग व त्याची किंमत

मनुष्याच्या सर्व वस्त्रांत मस्तकावरील वस्त्राला जो मान आहे तो दुसऱ्या कोणत्याहि वस्त्राला नाहीं. अंगरखा फाटला तर माणूस फार तर गरीब ठरतो. परंतु पगडी फिरविली म्हणजे त्यानें शब्द फिरविला असें आपण म्हणतों. शिंदेशाही, होळकरशाही हीं पागोट्यांचीं नांवें राज्यें गेल्यावरहि त्या त्या घराण्यांची आठवण जागी ठेवून आहेत. डोक्यावरील कापडावरून माणसाचा गांव, धनी आणि इभ्रत ओळखण्याची ही रीत आतां आपल्या नित्य व्यवहारांतून जवळजवळ नाहींशी झाली. परंतु एका क्षेत्रांत ती अद्याप पूर्ण तेजानें नांदत आहे, आणि तें क्षेत्र म्हणजे सैन्य होय.

आज बहुतेक राष्ट्रांच्या सैनिकांच्या डोक्यावर जी मऊ, वाटोळी, एका कानाकडे झुकलेली टोपी दिसते, तिला फ्रेंच लोक 'बेरे' म्हणतात. आपल्या फौजेंतहि तोच शब्द रूढ झाला आहे. टोपीचा घाट बहुधा सारखाच. भेद काय तो रंगाचा. आपल्याकडे रणगाडादळाची टोपी काळी, छत्रीधारी सैनिकांची किरमिजी, पायदळाची हिरवी, लष्करी पोलिसांची लाल. प्रजासत्ताकदिनाचें संचलन पाहतांना या रंगांचा अर्थ काय असें मुलें विचारतात, आणि वडीलधारी मंडळी उत्तर देतात कीं, तांबडा म्हणजे रक्त, हिरवा म्हणजे रान, काळा म्हणजे मृत्यु. उत्तर ऐकावयास बरें वाटतें. खरें मात्र नाहीं. या टोप्यांचा इतिहास पाहूं लागलें म्हणजे असें दिसतें कीं, रंगाच्या अंगीं स्वतःचा असा कांहींच अर्थ नसतो. कोठें सोयीनें, तर कोठें योगायोगानें तो निवडला जातो. अर्थ त्याला मागाहून येतो, आणि तो माणसांच्या करणीनें येतो. हेंच थोडें विस्तारानें पाहण्याचा आमचा विचार आहे.

ही टोपी मूळची मेंढपाळांची. फ्रान्स व स्पेन यांच्या सरहद्दीवरील पिरेनीज पर्वताच्या कुशींत बेआर्न व बास्क लोकांचा मुलूख आहे. तेथील धनगर पाऊस व थंडी यांपासून रक्षण व्हावें म्हणून दाबून घट्ट केलेल्या लोंकरीची ही टोपी घालीत. धनगराच्या डोक्यावरून ती लढवय्याच्या डोक्यावर चढली ती स्पेनच्या यादवींत. १८३३ सालीं राजा सातवा फर्डिनंड मरण पावला, आणि त्याची अल्पवयी कन्या इसाबेला व त्याचा भाऊ डॉन कार्लोस यांच्या पक्षांत गादीसाठीं सात वर्षें युद्ध चाललें. कार्लोसपक्षाचा सेनापति झुमालाकारेगी हा स्वतः बास्क होता. त्याच्या सैन्यांत ही टोपी सर्रास दिसूं लागली, आणि पुढें लाल बेरे ही त्या पक्षाची खूणच होऊन बसली. शंभर वर्षांनंतर, १९३६ च्या यादवींतहि त्या पक्षाचे स्वयंसेवक लाल टोप्या घालूनच लढले. नवल हें कीं, पहिल्या युद्धांत इसाबेलाच्या बाजूनें लढणाऱ्या बास्क स्वयंसेवकांनाहि लोक 'चापेलगोरी', म्हणजे 'लाल टोपीवाले', असेंच म्हणत! एकाच मुलखाचे लोक एकाच रंगाच्या टोप्या घालून एकमेकांवर गोळ्या झाडीत होते. अर्थ रंगांतच असता तर असें खचित झालें नसतें.

नियमित सैन्यांत ही टोपी प्रथम आणली ती फ्रान्सच्या आल्प्स पर्वतांतील पलटणींनीं, १८८९ च्या सुमारास. त्यांची टोपी गर्द निळी व चांगली ऐसपैस होती. पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या वर्षीं, १९१८ सालीं, ती ब्रिटिश रणगाडादळाचे प्रमुख जनरल ह्यू एलिस यांच्या नजरेस पडली. रणगाड्याच्या पोटांत माणूस कसा बसतो याची कल्पना केली म्हणजे त्यांना ती कां आवडली हें सहज कळतें. दार अरुंद, जागा कोंदट, जेथें हात लावावा तेथें वंगण. काठाची टोपी तेथें पदोपदीं अडते, आणि ती घालून नेम धरण्याच्या दुर्बिणीला डोळाहि लावतां येत नाहीं. बेरेला काठच नाहीं. फ्रेंचांची टोपी फार मोठी व बास्कांची फार तोकडी, म्हणून दोहोंच्या मधला घाट ठरला. आणि तेलाचे डाग दिसूं नयेत म्हणून रंग काळा ठरला. मार्च १९२४ मध्यें बादशहा पंचम जॉर्ज यांनीं तिला मंजुरी दिली. ज्या काळ्या रंगांत आज लोकांना मृत्यूची छाया दिसते, तो असा वंगणाच्या डागांतून जन्मला! परंतु १९४२ सालीं आफ्रिकेच्या वाळवंटांत जनरल माँटगोमेरी यांनीं तीच टोपी डोक्यावर चढविली. ते मूळचे पायदळाचे. रणगाडादळाचा एक बिल्ला व सेनापतीचा दुसरा, असे दोन बिल्ले लावलेली ती टोपी पाहून साधा शिपाईहि आपल्या सेनापतीला दुरून ओळखूं लागला. डाग झांकण्यासाठीं आलेला रंग वीस वर्षांत मिरविण्याचा रंग झाला.

त्याच १९४२ सालीं आणखी दोन रंग पुढें आले. ब्रिटनच्या नव्या हवाई डिव्हिजनसाठीं किरमिजी टोपी ठरली. डिव्हिजनचे सेनापति जनरल ब्राउनिंग. त्यांच्या पत्नी दाफ्ने द्यु मोरिए या 'रिबेका' कादंबरीच्या प्रसिद्ध लेखिका. हा रंग या बाईंनींच निवडला, अशी आख्यायिका अद्याप सांगतात; त्यांनीं स्वतः मात्र ती पुढें नाकारली. कमांडो दळांच्या हिरव्या टोपीची कथाहि अशीच साधी आहे. पहिल्या कमांडो दळाच्या बिल्ल्यावर आगींतून जाणारा, दंतकथेंतील सॅलॅमँडर नांवाचा सरडा होता. त्या चित्रांतील तांबडा, पिवळा व हिरवा या तीन रंगांतून हिरवा उचलला गेला, इतकेंच. परंतु त्या वर्षाच्या नोव्हेंबरांत छत्रीधारी सैनिक उत्तर आफ्रिकेंत उतरले व ट्यूनिसियाच्या डोंगरांत असे लढले कीं, जर्मन त्यांना 'तांबडे सैतान' म्हणूं लागले. रंग कोणी निवडला याची चौकशी मग कोण करतो? शत्रूनें दिलेल्या नांवानें त्या रंगाचा अर्थ कायम केला.

असा अर्थ एकदां चिकटला म्हणजे तो हुकमानें काढतां येत नाहीं. शत्रूच्या पिछाडीस छापे घालणाऱ्या 'स्पेशल एअर सर्व्हिस' या दळानें प्रथम पांढरी टोपी घेतली होती. रजेवर गेले असतां इतर सैनिक तिची इतकी टर उडवीत कीं, मारामाऱ्या होत. तेव्हां ती टाकून वाळूच्या रंगाची टोपी आली. १९४४ सालीं हें दळ हवाई सैन्याच्या हाताखालीं गेलें व सर्वांनीं किरमिजी टोपी घालावी असा हुकूम सुटला. परंतु दळाचे नामांकित अधिकारी पॅडी मेन यांनीं आपली जुनी टोपी कांहीं सोडली नाहीं. पुढें १९५० नंतरच्या दशकांत सरकारनेंच तो वाळूचा रंग परत दिला.

हुकमानें अर्थ काढतां येत नाहीं तसा तो वांटतांहि येत नाहीं, याचें उदाहरण अमेरिकेनें घालून दिलें. तेथील विशेष दळाचे सैनिक हिरवी टोपी परवानगीवांचून घालीत व वरिष्ठ ती काढावयास लावीत. १२ ऑक्टोबर १९६१ रोजीं अध्यक्ष केनेडी फोर्ट ब्रॅग येथें गेले असतां जनरल यारबरो तीच टोपी घालून त्यांच्यापुढें उभे राहिले. अध्यक्षांना ती आवडली व टोपीला राजमान्यता मिळाली. दोन वर्षांनीं केनेडी यांचा खून झाला, तेव्हां त्या दळांतील एका सैनिकानें आपली हिरवी टोपी त्यांच्या समाधीवर नेऊन ठेवली. आतां दुसरी बाजू पहा. तेथील रेंजर पलटणींना १९७५ पासून काळी टोपी होती व ती कठोर कसोटीनंतरच मिळे. सर्व सैन्यांत एकी व श्रेष्ठत्वाची भावना यावी म्हणून सरसेनापति जनरल शिन्सेकी यांनीं १४ जून २००१ पासून ती सर्वांनाच दिली. हेतु वाईट नव्हता; परंतु रेंजरांना आपलें घर लुटलें गेल्यासारखें वाटलें. माजी रेंजर निषेधासाठीं पायीं चालत राजधानीपर्यंत गेले. त्यांतच कांहीं टोप्या चीनमध्यें बनविल्या असल्याचें उघडकीस आलें व त्या वापरावयाच्या नाहींत असें ठरलें. अखेर रेंजरांनीं पिवळसर भुरी टोपी घेतली, आणि २०११ सालीं रोजच्या कामाच्या गणवेशांतून काळी टोपी निघून साधी टोपी परत आली. जें सर्वांना फुकट मिळतें तें कोणालाच भूषण होत नाहीं, हा व्यवहारांतला जुना न्याय येथेंहि खरा ठरला.

या सर्व रंगांत एकच रंग असा आहे कीं, तो कोणा एका राष्ट्राचा नव्हे. १९५६ सालीं सुएझच्या प्रकरणानंतर संयुक्त राष्ट्रसंघानें आपलें पहिलें सैन्य इजिप्तमध्यें धाडावयाचें ठरविलें, तेव्हां एक विलक्षण अडचण उभी राहिली. कॅनडाच्या सैनिकांचा गणवेश इंग्रजांसारखा. आणि इंग्रज तर नुकतेच इजिप्तवर चालून आलेले! मित्र कोण व शत्रु कोण हें ओळखावें कसें? सरचिटणीस हॅमरशील्ड यांच्या कचेरीनें निळी बेरे द्यावयाचें ठरविलें. परंतु इतक्या टोप्या वेळेवर तयार होईनात. तेव्हां अमेरिकन शिरस्त्राणांचीं आंतील हलकीं कवचें निळ्या रंगानें रंगवून देण्यांत आलीं. टोप्या मागाहून आल्या. त्या सैन्यांत आपल्या पलटणी १९५६ पासून १९६७ पर्यंत होत्या, आणि तेथें आपले शिपाई मारलेहि गेले. शीख सैनिकांनीं टोपी घातली नाहीं. त्यांनीं निळें पागोटें बांधलें. आपल्या छत्रीदळांतील शीख आजहि किरमिजी पागोटें बांधतात. यावरून टोपी हें केवळ निमित्त, खरी खूण ती रंगाची, हें उघड होतें.

किरमिजी रंग आपल्याकडे आला तो इंग्रजांच्या वेळीं. ५० वी छत्री ब्रिगेड १९४१ सालीं उभी राहिली. उसनवारीनें आलेला हा रंग आपला केव्हां झाला? १९४८ सालीं ब्रिगेडियर महंमद उस्मान यांच्या हाताखालीं हीच ब्रिगेड नौशेरा व झांगर येथें लढली, व उस्मान यांनीं तेथेंच देह ठेवला. त्या लढाईंत मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन होती. तीच पुढें १९५२ सालीं पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन झाली. ११ डिसेंबर १९७१ रोजीं ती टांगाईलजवळ आकाशांतून उतरली, पूल हस्तगत केला, आणि १६ तारखेस डाक्क्यांत प्रथम शिरणाऱ्या भारतीय सैन्यांत ती होती. किरमिजी रंगाची किंमत अशी आपल्या माणसांनीं आपल्या रक्तानें चुकती केली. तेव्हांपासून तो उसना राहिला नाहीं.

परंतु येथेंच थांबलों तर अर्धेंच सत्य सांगितल्यासारखें होईल. करणीनें अर्थ येतो तसा करणीनेंच तो डागाळतो. ज्या ब्रिटिश रेजिमेंटची किरमिजी टोपी ही शान, तिच्याच पहिल्या पलटणीनें ३० जानेवारी १९७२ रोजीं उत्तर आयर्लंडमधील डेरी शहरांत नागरी हक्कांच्या मोर्चावर गोळ्या झाडल्या. तेरा माणसें त्याच दिवशीं मेलीं, आणखी एक पुढें दगावला. २०१० सालीं चौकशीचा निर्णय बाहेर आला व पंतप्रधानांनीं पार्लमेंटांत क्षमा मागितली. तोंवर अडतीस वर्षें त्या शहरांत त्या रंगाचा अर्थ निराळाच होता. १९९३ सालीं सोमालियांत कॅनडाच्या हवाई रेजिमेंटच्या सैनिकांनीं सोळा वर्षांच्या एका मुलाला हाल करून ठार मारलें. १९९५ सालीं ती रेजिमेंटच मोडण्यांत आली. त्याच वर्षीं जुलैंत स्रेब्रेनिका येथें निळ्या टोपीच्या आश्रयाला आलेल्या लोकांचें रक्षण राष्ट्रसंघाच्या डच तुकडीला करतां आलें नाहीं, व आठ हजारांवर पुरुष व मुलगे मारले गेले. शांततेचा रंग पाहून ज्यांनीं विश्वास टाकला, त्यांच्या घरच्या मागें राहिलेल्या बायकांना त्या रंगाचा अर्थ काय वाटत असेल?

म्हणून मुलांच्या प्रश्नाला रक्त, रान व मृत्यु हें उत्तर पुरेसें नाहीं. काळा रंग तेलाच्या डागांसाठीं आला, हिरवा एका सरड्याच्या चित्रांतून आला, निळा घाईघाईनें फवारला गेला, हें त्यांना खुशाल सांगावें. त्यानें त्या टोपीचा मान कमी होत नाहीं. उलट तो कोणी मिळविला व कोणत्या मोलानें मिळविला, हें पाहण्याची दृष्टि येते. आणि आणखी एक गोष्ट सांगावी: पूर्वजांनीं मिळविलेला मान टोपीबरोबर नव्या शिपायाच्या डोक्यावर येतो खरा, परंतु तो ठेव म्हणून येतो. ती ठेव राखावयाची कीं बुडवावयाची, हें टोपीला ठरवितां येत नाहीं. तें टोपीखालच्या माणसालाच ठरवावें लागतें.