विज्ञानपट-स्मृतिवस्तुसंग्रह
विज्ञानकल्पनेवर आधारलेल्या चित्रपटांशी निगडित अशा बाहुल्या, याने व यंत्रमानव यांच्या प्रतिकृती, भित्तिपत्रके, वेशभूषा, चित्रीकरणात वापरलेली साधने इत्यादींचा अभिरुचिपूर्वक केलेला संचय. टपाल तिकिटे किंवा नाणी यांच्या संग्रहाच्या मानाने हा छंद अर्वाचीन आहे. त्याचा विस्तार मुख्यत्वे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. या वस्तू मुळात संग्रहासाठी नव्हे, तर मुलांच्या खेळासाठी वा जाहिरातीसाठी निर्माण झाल्या व वापरून टाकून दिल्या गेल्या. त्यांची आजची दुर्मिळता याच कारणाने उद्भवली आहे.

पूर्वेतिहास : फ्रिट्स लांग या दिग्दर्शकाचा मेट्रोपोलिस (१९२७) हा जर्मन मूकपट या प्रकारातील आरंभीच्या महत्त्वाच्या चित्रपटांपैकी होय. त्यातील यंत्रस्त्रीचा मूळ वेष आज उरलेला नाही, असे मानले जाते. त्याच्या एका दुर्मिळ भित्तिपत्रकास मात्र २००५ मध्ये ६,९०,००० डॉलर किंमत आली. १९३४ च्या सुमारास अमेरिकेत बक रॉजर्स या चित्रकथानायकाची खेळण्यातील पिस्तुले लोकप्रिय झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानने पत्र्याचे, किल्लीने चालणारे यंत्रमानव जगभर निर्यात केले.

हातपाय सांध्यांतून वळविता येणाऱ्या बाहुलीस ‘अ‍ॅक्शन फिगर’ हे नाव हॅस्ब्रो या अमेरिकन कंपनीने १९६४ मध्ये आपल्या ‘जी. आय. जो’ या सैनिकबाहुलीच्या निमित्ताने रूढ केले. ‘बाहुली’ हा शब्द मुलग्यांना रुचणार नाही, हे त्यामागील व्यापारी गणित होते. मेगो कंपनीने १९७४ मध्ये स्टार ट्रेक मालिकेतील पात्रांच्या सु. २० सेंमी. उंचीच्या बाहुल्या बाजारात आणल्या.

स्टार वॉर्सचे वळण : जॉर्ज ल्यूकस यांचा स्टार वॉर्स हा चित्रपट २५ मे १९७७ रोजी प्रदर्शित झाला. ल्यूकस यांनी वाढीव मानधनाऐवजी उपवस्तूंच्या विक्रीचे हक्क आपल्याकडे राखले होते. सिनसिनाटी येथील केनर कंपनीस त्या वर्षीच्या नाताळापर्यंत खेळणी तयार करता आली नाहीत. तेव्हा तिने रिकामी पेटी व तीत चार बाहुल्या नंतर पाठविण्याची हमी देणारे प्रमाणपत्र विकले. १९७८ मध्ये सु. ९.५ सेंमी. उंचीच्या बारा बाहुल्यांचा संच बाजारात आला. बाहुलीचे आकारमान लहान ठेवल्यामुळे तिला बसविता येईल असे यानही परवडणाऱ्या किंमतीत करता आले. १९८५ पर्यंत अशा २५ कोटींहून अधिक बाहुल्या विकल्या गेल्या. त्यांतील बहुतेक मुलांच्या हाती झिजल्या वा मोडल्या. न उघडलेल्या वेष्टनातील बाहुलीला आज मोठी किंमत येते ती यामुळेच. ज्या खेळण्याशी कोणी खेळलेच नाही त्यालाच सर्वाधिक मोल, असा हा विरोधाभास आहे.

चित्रीकरणात प्रत्यक्ष वापरलेल्या वस्तूंचे मूल्य याहून अधिक असते. फॉरबिडन प्लॅनेट (१९५६) या चित्रपटातील ‘रॉबी’ हा यंत्रमानव २०१७ मध्ये न्यूयॉर्क येथील लिलावात सु. ५३.७५ लक्ष डॉलरना विकला गेला. किंमती वाढल्या तशा बनावट वस्तूही वाढल्या. परिणामी वस्तूची पूर्वपीठिका, साच्याच्या खुणा, रंग व वेष्टनाची छपाई यांची चिकित्सा हे संग्राहकाचे आवश्यक शास्त्र बनले.

महाराष्ट्रातील व भारतातील स्थिती : महाराष्ट्राला खेळण्यांची जुनी परंपरा आहे. सावंतवाडीची लाखकाम केलेली लाकडी खेळणी व ‘ठकी’ ही लाकडी बाहुली ही तिची उदाहरणे होत. चित्रपटाधारित खेळणी येथे उशिरा आली. १९८० नंतरच्या दशकात दूरदर्शनवर स्टार ट्रेकसारख्या मालिका दाखविल्या गेल्या, परंतु परदेशी खेळण्यांच्या आयातीवर कडक निर्बंध होते. ही उणीव देशी उत्पादकांनी परवान्याने भरून काढली. मुंबईच्या ब्लो प्लास्ट या उद्योगाने ‘लिओ’ या नावाने मॅटेलच्या ‘ही-मॅन’ मालिकेतील बाहुल्या काढल्या. १९८७ मध्ये स्थापन झालेल्या व गोव्यातही कारखाना असलेल्या फनस्कूलने जी. आय. जो बाहुल्या काढल्या. मूळ साचे तेच, पण रंगसंगती वेगळी, यामुळे या भारतीय आवृत्त्यांना परदेशातील संग्राहकांकडून मागणी येऊ लागली. येथे त्या घरोघर मोडीत निघाल्या होत्या.

हिंदीतील चाँद पर चढाई (१९६७), मिस्टर इंडिया (१९८७) व कोई... मिल गया (२००३) हे किंवा मराठीतील फुंतरू (२०१६) हा चित्रपट यांच्याभोवती अमेरिकेप्रमाणे खेळण्यांचा उद्योग उभा राहिला नाही. साहजिकच भारतीय संग्राहकाचा भर भित्तिपत्रके, प्रसिद्धिपुस्तिका व छायाचित्रे यांवर राहिला. मुंबईच्या चोरबाजारातील मटन स्ट्रीट हे अशा वस्तूंचे एक ठिकाण होय. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांच्या कल्याण खजिना (१९२४) या मूकपटाचे भित्तिपत्रक उपलब्ध भारतीय चित्रपट-भित्तिपत्रकांत सर्वांत जुने मानले जाते. भित्तिपत्रक भिंतीसाठी असते, जतनासाठी नव्हे, ही समजूत त्यापुढील असंख्य पत्रकांच्या नाशास कारण झाली. खुद्द आलम आरा (१९३१) या पहिल्या भारतीय बोलपटाची प्रतही आज उपलब्ध नाही.

जतनाच्या समस्या : वयोमानाने प्लॅस्टिकचे स्वरूप पालटते. मऊ पॉलिव्हिनिल क्लोराइडातील मृदुकारक द्रव्य पृष्ठभागावर येऊन बाहुली चिकट होते. सूर्यप्रकाशाने पांढरे भाग पिवळे पडतात, तर दमट हवेत पुठ्ठ्याच्या वेष्टनास बुरशी लागते. सिडकोने (स्थापना १९७०) वसविलेल्या नवीन पनवेलसारख्या कोकणपट्टीतील नगरांत ही अडचण विशेष जाणवते. तेथील पावसाळा चार महिन्यांचा व सदनिका बेताच्या आकाराच्या असतात. आम्लमुक्त कागद, आर्द्रताशोषक सिलिका जेल व बंद, अंधारी कपाटे हे त्यावरील साधे उपाय होत.

कायद्याचे संरक्षणही या वस्तूंना मिळत नाही. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ अन्वये वस्तू सामान्यतः किमान शंभर वर्षे जुनी असावी लागते. खेळण्यांवरील आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० व २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेले. त्यामुळे परदेशातून वस्तू मागविणे महाग झाले.

संग्रहाचे भवितव्य : संग्राहकाच्या पश्चात संग्रहाचे काय, हा या छंदातील सर्वांत बिकट प्रश्न आहे. लॉस अँजेल्सचे फॉरेस्ट अ‍ॅकरमन (१९१६–२००८) यांनी सु. तीन लाख वस्तू जमविल्या होत्या. त्यांना कायमचे संग्रहालय लाभले नाही व त्या विक्रीद्वारे विखुरल्या. याउलट पुण्याचे दि. गं. केळकर (१८९६–१९९०) यांनी दिवे, अडकित्ते यांसारख्या नित्य वापरातील वस्तू जमवून तो संग्रह शासनाच्या स्वाधीन केला, म्हणून तो अखंड राहिला. चित्रपटाच्या क्षेत्रात पुणे येथील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने (१९६४) पी. के. नायर (१९३३–२०१६) यांच्या प्रयत्नांनी असेच कार्य केले. हे संग्रहालय २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. मुंबईचे राष्ट्रीय भारतीय चित्रपट संग्रहालय २०१९ मध्ये खुले झाले.

केळकरांनी संग्रह आरंभिला तेव्हा अडकित्ताही क्षुल्लकच समजला जात होता. प्लॅस्टिकच्या बाहुलीकडे आज त्याच नजरेने पाहिले जाते. परंतु एका पिढीने भविष्यकाळाची कल्पना कशी केली व ती आपल्या मुलांच्या हाती कोणत्या रूपात दिली, याचा पुरावा म्हणून या वस्तूंचे महत्त्व बाजारभावावर अवलंबून नाही. सूची, छायाचित्रण व सार्वजनिक संस्थेशी संबंध या तीन गोष्टींची जोड मिळाल्यासच खाजगी हौसेचे रूपांतर इतिहासाच्या साधनात होऊ शकते.