पोलादाचा रवा

श्रोतेहो, लोणी कढवून काढलेलें तूप निवत ठेवलें म्हणजे त्याचा रवा कसा धरतो, हें आपल्या घरांतील गृहिणी उत्तम जाणतात. तूप सावकाश निवालें तर कणी जाड पडते. झटकन निवालें तर बारीक. जाड कणी तुपाला शोभते, पोलादाला मात्र ती घातक होते. वितळलेलें पोलाद साच्यांत थिजूं लागलें म्हणजे त्याचेही असेच रवे बनतात, आणि ते फार मोठे झाले कीं ओतलेली वस्तु आघाताखालीं ठिसूळ ठरते. पोलादाची ही अंतर्रचना प्रथम नीट पाहिली ती इंग्लंडांतील शेफील्डच्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बी यानें. इ. स. १८६३ मध्यें त्यानें पोलादाचा तुकडा आरशासारखा घासला, त्यावर सौम्य तेजाब फिरविलें, आणि तो सूक्ष्मदर्शकाखालीं धरला.

घडीव पोलादाचा रवा घणाच्या घावांनीं मोडतां येतो. ओतीव वस्तु मात्र आपला अंतिम आकार घेऊनच साच्यांतून बाहेर पडते. तिला घण कसा मारावयाचा? पुन्हां तापवून निववल्यानें कांहीं सुधारणा होते, हें खरें. परंतु रवा मुळांतच बारीक पडावयाचा तर द्रवांत असंख्य ठिकाणीं एकाच वेळीं थिजण्यास आरंभ झाला पाहिजे. त्यासाठीं त्या द्रवांत न वितळणारीं सूक्ष्म बीजें हवींत.

अशीं बीजें पुरविणाऱ्या द्रव्यांचा इतिहास मोठा वळणावळणाचा आहे. १८०३ मध्यें स्वीडनमधील बर्झेलियस व हिसिंगर यांस एका जड खनिजांत नवी मृत्तिका आढळली. जर्मनींत क्लाप्रोट यासही ती त्याच वर्षीं स्वतंत्रपणें सांपडली. दोनच वर्षांपूर्वीं दिसलेल्या सीरीझ ह्या लघुग्रहावरून तिच्यांतील धातूला सीरियम हें नांव मिळालें. ह्या गोत्रांतील द्रव्यांस ‘दुर्मिळ मृत्तिका’ म्हणतात. वस्तुतः हे दोन्ही शब्द फसवे आहेत. मुळांत ते धातु आहेत, आणि भूकवचांत सीरियम जवळजवळ तांब्याइतकें आढळतें.

व्हिएन्नाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यानें त्यांना बाजार दाखविला. आपल्या लग्नमंडपांतून ज्या गॅसबत्त्या लखलखत, त्यांची जाळी ही मूळ त्याचीच करामत. १८९१ पासून तिच्यांत ९९ भाग थोरियमचें भस्म आणि १ भाग सीरियमचें भस्म असे. थोरियम मिळे मोनाझाइट नांवाच्या वाळूंतून. पण त्या वाळूंत थोरियम थोडें, आणि सीरियमवर्गीय द्रव्यें निम्म्याहून अधिक. थोरियम काढून घेतल्यावर उरलेल्या गाळाचे ढीग सांचूं लागले. ह्या टाकाऊ गाळापासूनच आउअरनें मिशमेटल हा मिश्रधातु सिद्ध केला, आणि १९०३ मध्यें त्यांत सुमारें ३० टक्के लोखंड मिसळून ठिणगी पाडणारा चकमकीचा खडा बनविला. १९०९ मध्यें शोमबर्ग ह्या जर्मन रसायनज्ञास त्रावणकोरच्या किनाऱ्यावर हीच वाळू आढळली, आणि ती युरोपास रवाना होऊं लागली.

हाच मिशमेटल पुढें ओतशाळेंत आला. १९४८ मध्यें फिलाडेल्फियाच्या ओतकाम-परिषदेंत इंग्लंडच्या मॉरो यांची पद्धति मांडली गेली: किंचित् सीरियम घातल्यानें बिडांतील ग्रॅफाइटचे पापुद्रे गोल गोळ्यांचें रूप घेतात. बिडाचा ठिसूळपणा त्यानें उणावला.

पोलादांत त्याचें कार्य निराळें. सीरियमला प्राणवायु व गंधक ह्यांची विलक्षण ओढ. सुमारें १,६०० अंश सेंटिग्रेडच्या रसांत तें चिमूटभर पडलें कीं ह्या दोन्ही दोषांना पकडतें, आणि त्यांतून बनणारीं संयुगें त्या उष्णतेंतही घनच राहतात. त्यांतील कांहींच्या अणूंची मांडणी थिजणाऱ्या लोखंडाच्या मांडणीशीं इतकी जुळते कीं त्यांवर लोखंडाचे अणु सहज रचले जातात. हींच तीं बीजें. १९७० मध्यें अमेरिकेंतील बेथलहेम स्टील कंपनीच्या ब्रॅमफिट यानें अन्य संयुगें घेऊन हें तत्त्व मोजून दाखविलें: मांडणींतील तफावत जितकी कमी, तितकें बीज प्रभावी.

मग हें औषध सर्वत्र रूढ कां झालें नाहीं? कारण त्याचा गुण भरंवशाचा नव्हता. एका ओतांत रवा सुरेख बारीक पडे. दुसऱ्यांत तींच संयुगें दाटून गांठी होत आणि पोलाद उलट ठिसूळ बने. तीं वजनानें जड, म्हणून मळीबरोबर नीट वर तरंगत नसत. अखंड ओतकामांत तर तीं रसाची नळीच तुंबवीत. गंधकाच्या बंदोबस्तासाठीं पुष्कळ कारखान्यांनीं ह्याऐवजीं कॅल्शियम पत्करलें.

ह्या लहरीपणाचें एक मोठें कारण २०२२ मध्यें चीनमधील शेनयांग येथील धातु-संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं प्रसिद्ध केलें. दोष प्राणवायूचा होता. पोलादांतला आणि खुद्द टाकावयाच्या धातूंतला, असा दोन्हीकडचा प्राणवायु अत्यल्प केल्यावर गुण स्थिरपणें येऊं लागला. विरजण उत्तम, पण भांडें खरकटें, तर दहीं नासावयाचेंच. आणि येथें तर विरजणही पुरतें शुद्ध नव्हतें!

आपल्या देशांत १९५० मध्यें इंडियन रेअर अर्थ्‌स ही संस्था निघाली, आणि १९५२ मध्यें केरळांतील आलुवा येथें मोनाझाइटवर प्रक्रिया करणारा कारखाना सुरू झाला. जी वाळू पूर्वीं कच्चीच परदेशीं जाई, ती घरीं शोधूं लागण्यास अशीं चाळीस वर्षें लागलीं. परंतु श्रोतेहो, चिमूट हातीं असणें वेगळें आणि ती कोणत्या भांड्यांत, किती, केव्हां टाकावी हें जाणणें वेगळें. वाळू निसर्गानें दिली. हें दुसरें ज्ञान मात्र भट्टीपुढें उभें राहूनच मिळवावें लागतें.