शस्त्राविना युद्धसेवा : अमेरिकेच्या 'स्वातंत्र्यपदका'चा इतिहास

युद्ध संपले की राष्ट्रे आपापल्या वीरांची गणती करू लागतात. सैनिकांच्या शौर्यासाठी पदके असतात, स्मारके असतात. परंतु ज्यांनी गणवेष चढविला नाही, हाती शस्त्र धरले नाही, आणि तरीही प्राण पणाला लावले, त्यांची नोंद कोणत्या वहीत करावयाची? दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस हा प्रश्न अमेरिकेपुढे उभा राहिला. त्याचे तिने दिलेले उत्तर म्हणजे 'मेडल ऑफ फ्रीडम', अर्थात स्वातंत्र्यपदक. धर्मसेवकांनी हा इतिहास जाणून घ्यावा असा आहे. कारण ह्या पदकाच्या आरंभीच्या मानकऱ्यांत एक धर्मगुरू आहेत, आणि एक कुष्ठपीडित स्त्रीही आहे.

पदकाची स्थापना

नागरिकांच्या युद्धसेवेसाठी 'मेडल फॉर मेरिट' हे पदक अमेरिकेत १९४२ सालीच निर्माण झाले होते. परंतु युरोपात व आशियात शत्रूच्या ताब्यातील प्रदेशांत सामान्य माणसांनी जे साह्य केले होते, त्याचा गौरव व्हावयाचा होता. ६ जुलै १९४५ रोजी राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन यांनी आदेश काढून स्वातंत्र्यपदकाची स्थापना केली. ७ डिसेंबर १९४१ नंतर, अमेरिकेच्या मुख्य भूमीबाहेर, युद्धकार्यास साह्यभूत ठरेल अशी गुणवंत सेवा करणाऱ्या व्यक्तीस ते द्यावयाचे होते. अमेरिकेच्या सैन्यातील कोणासही ते मिळणार नव्हते. सेवेच्या योग्यतेनुसार पदकाच्या फितीवर कांस्य, रौप्य वा सुवर्ण झावळीचे चिन्ह लावले जाई.

रोममधील धर्मगुरू

मॉन्सिन्योर ह्यू ओफ्लॅहर्टी हे आयरिश धर्मगुरू व्हॅटिकनच्या 'होली ऑफिस'मध्ये काम करीत. सप्टेंबर १९४३ मध्ये जर्मनांनी रोम ताब्यात घेतले. त्यानंतर बंदिवासातून निसटलेले दोस्त राष्ट्रांचे सैनिक व यहुदी लोक यांना मठांत, शेतघरांत आणि खाजगी बिऱ्हाडांत लपविण्याचे जाळे त्यांनी उभे केले. अशा रीतीने सुमारे ६,५०० जणांना आश्रय मिळाला असे मानले जाते. आयरिश देशाभिमानी असल्यामुळे त्यांना इंग्रजी राजवटीविषयी मुळीच प्रेम नव्हते. तरीही दारी आलेल्या इंग्रज सैनिकाला त्यांनी परत लावले नाही. रोममधील जर्मन गुप्त पोलिसांचा प्रमुख हर्बर्ट काप्लर त्यांच्या मागावर होता. जून १९४४ मध्ये रोम मुक्त झाले, आणि पुढे अमेरिकेने त्यांना रौप्य झावळीसह स्वातंत्र्यपदक दिले.

मनिलाची होसेफिना

होसेफिना गेरेरो ही फिलिपाइन्समधील कॅथलिक स्त्री. विवाह झालेला, एक लहान मुलगी, आणि विशीतच कुष्ठरोगाचे निदान. जपानी अमलाखालील मनिला शहरात ती गुप्त प्रतिकार चळवळीत सामील झाली. तिच्या अंगावरील व्रण पाहून पहारेकरी तिची झडती घेण्यास धजत नसत. १९४५ च्या प्रारंभी जपान्यांनी पेरलेल्या सुरुंगांचा नकाशा पाठीला चिकटवून ती पायी निघाली, आणि मनिलाच्या उत्तरेस असलेल्या अमेरिकन सेनेच्या ३७ व्या डिव्हिजनपर्यंत पोहोचली. राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायातील शोमरोनच्या वेशीबाहेरचे चार कुष्ठरोगी वाचकांस येथे आठवतील. ज्यांना नगरात स्थान नव्हते, त्यांच्याच पावलांनी वेढलेल्या नगरास सुटकेची वार्ता मिळाली होती.

१९४८ साली होसेफिनालाही रौप्य झावळीसह हे पदक मिळाले. परंतु त्या वेळी अमेरिकेच्या कायद्यानुसार कुष्ठरोग्यास देशात प्रवेश नव्हता! ज्या राष्ट्राने तिच्या छातीवर पदक लावले, त्याच राष्ट्राच्या दारात तिला विशेष परवानगीची वाट पाहावी लागली. ती मिळाल्यावर लुइझियाना राज्यातील कारव्हिल येथील कुष्ठरुग्णालयात तिने सुमारे नऊ वर्षे काढली. १९५७ साली ती रोगमुक्त होऊन बाहेर पडली. नागरिकत्व मात्र १९६७ साली मिळाले.

पदकाचे रूपांतर

१९५२ साली शांतताकाळातील सुरक्षाकार्याचाही पदकाच्या कक्षेत समावेश झाला. पुढे २२ फेब्रुवारी १९६३ रोजी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी त्यास 'प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम' हे नवे रूप दिले आणि जागतिक शांतता, संस्कृती व सार्वजनिक सेवा ही क्षेत्रे त्यासाठी खुली केली. पहिला प्रदानसमारंभ ६ डिसेंबर १९६३ रोजी झाला, तेव्हा केनेडींची हत्या होऊन दोनच आठवडे लोटले होते. केनेडींनी निवडलेल्या ३१ जणांच्या यादीत नवे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी दोन दिवंगतांची भर घातली: स्वतः केनेडी आणि पोप तेविसावे जॉन. १९८५ साली हाच सन्मान कलकत्त्याच्या मदर तेरेसा यांना मिळाला. युद्धास साह्य करणाऱ्यांसाठी काढलेले पदक चाळीस वर्षांत मरणासन्नांची सेवा करणाऱ्या स्त्रीपर्यंत आले होते.

पदकाला न दिसलेले

तथापि, राष्ट्र ज्या मापाने मोजते ते माप राष्ट्राचेच असते. १९४५ च्या आदेशाने 'युद्धास साह्य' पाहिले. दया हे त्याचे परिमाण नव्हते. ओफ्लॅहर्टी यांच्या जीवनातील सर्वांत थोर कृत्य त्यामुळे कोणत्याही पदकाच्या कक्षेत बसले नाही. रोमजवळ ३३५ जणांच्या हत्याकांडाबद्दल काप्लरला जन्मठेप झाली, तेव्हा त्याला नियमितपणे भेटावयास जाणारा माणूस म्हणजे हाच धर्मगुरू. १९५९ साली काप्लर ख्रिस्तमंडळीत आला. होसेफिनाने उत्तरायुष्यात आपल्या पराक्रमाची वाच्यता फारशी केली नाही. वॉशिंग्टनमधील केनेडी कलाकेंद्रात ती प्रेक्षकांना त्यांच्या जागा दाखवीत असे. १९९६ साली ती निवर्तली.

ही गोष्ट दूरदेशीची म्हणून सोडून देता येणार नाही. आपल्या देशात १८९८ चा कुष्ठरोगी कायदा २०१६ सालापर्यंत कागदावर होता. ख्रिस्ती दांपत्यांना लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यातून कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण वगळले गेले ते २०१९ साली. विवाहविधी चालविणाऱ्या आपणां धर्मगुरूंपैकी कितीजणांनी त्या कलमाची खंत केली होती?

आपल्या मंडळीच्या नोंदवह्यांत बाप्तिस्मे, विवाह व मृत्यू लिहिले जातात. प्लेगात, दुष्काळात वा दंगलीत कोणी कोणाला घरात घेतले, हे सहसा लिहिले जात नाही. धर्मशिक्षकांनी वृद्धांकडून अशा हकिकती विचारून घेऊन त्या लिहून ठेवाव्यात. ज्यांना कोणतेही राष्ट्र पदक देणार नाही, त्यांची निदान नावे तरी मंडळीजवळ राहावीत.