तळटीप : सी फॉर्म

१४. सी फॉर्म : मजकुरात ‘पोलिसांचा कागद’ म्हटले आहे तो हाच. परदेशी नागरिकाला मुक्कामाला ठेवणाऱ्याने तो आला की २४ तासांच्या आत त्याची माहिती या फॉर्मवर नोंदणी अधिकाऱ्याला कळवायची असते. रत्नागिरी जिल्ह्यात हे काम पोलीस अधीक्षकांकडे असते. नाव, राष्ट्रीयत्व, पासपोर्ट व व्हिसाचे क्रमांक, भारतात उतरल्याची तारीख, कुठून आला, पुढे कुठे जाणार, असे त्यातले रकाने. १९३९चा नोंदणी कायदा व १९९२चे नियम हा त्याचा मूळ आधार. २०२५च्या नव्या कायद्याने १९३९चा कायदा रद्द झाला, माहिती कळवण्याचे बंधन मात्र राहिले. हल्ली ती ऑनलाइन भरतात. हे बंधन केवळ मोठ्या हॉटेलांना नाही. गणपतीपुळ्यात घरातली एखादी खोली पाहुण्यांना देणाऱ्यालाही ते आहे.

याच रत्नागिरीत ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा १८८६पासून १९१६मध्ये मृत्यू येईपर्यंत नजरकैदेत होता. सी फॉर्म म्हणजे तशी पाळत नव्हे. पाहुणा हरवला, आजारी पडला, तर त्याचा माग याच नोंदीवरून लागतो. म्हणून यजमानाने हा फॉर्म पाहुणा आला त्याच दिवशी, पासपोर्ट समोर ठेवून भरावा. — संपा.