वऱ्हाडातील स्त्रियांचे कापूसकाम (युद्धकाळ)

अमेरिकेतील यादवी युद्धात (१८६१–६५) लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूसपुरवठा तुटला आणि वऱ्हाडी कापसाचे भाव भडकले. वलगावसारख्या अमरावतीलगतच्या गावांतून पऱ्हाटीवरची वेचणी मुख्यतः स्त्रिया करीत. मजुरी पुष्कळदा वेचलेल्या कापसातल्या हिश्श्याने मिळे. हातरेच्यावर सरकी काढणे हेही बहुतांशी त्यांचेच काम. निर्यातीची मागणी वाढली तशी रुई गावात टिकेना, महागही झाली. आधीच विलायती सुताने खचलेली घरगुती सूतकताई त्यामुळे आणखी मागे पडली. ही बुडालेली मिळकत बहुतांशी बायकांची होती. तेजीच्या वर्णनांत मात्र व्यापारीच दिसतात. युद्धानंतर रेल्वे आणि वाफेवरचे जिन आले, हातरेचे मागे पडले आणि स्त्रिया जिनात रोजंदारीवर जाऊ लागल्या. वेचणी अजूनही बहुतेक त्यांच्याच हाती आहे.