केमचं पाणी आणि आमचा गळ

तीन तास गळ टाकून बसलो आणि हाती आला एक खेकडा. तोही काठापाशी सुटला!

शनिवारी पहाटे नाशिकहून निघून वणी, नांदुरी, अभोणा करत चणकापूरच्या जलाशयावर पोचलो होतो. आधी काठाकाठानं चालायचं, मग मासे, असा बेत. (धरणातली मासेमारी सहसा मच्छीमार सोसायटीला ठेक्यानं दिलेली असते, तेव्हा आधी विचारा. आम्ही विचारलं. जाळं घेऊन बसलेले मामा हसून "टाका" म्हणाले. का हसले ते दुपारी कळलं.)

असो. मामा सुरगाण्याकडचे. म्हणाले, "हे पाणी आमच्याकडूनच येतं." खरंच आहे. गिरणा उगम पावते सुरगाणा तालुक्यातल्या केमच्या डोंगरावर. नार आणि पार याही त्याच भागातल्या, पण त्या पश्चिमेला गुजरातेत उतरतात. गिरणा पूर्वेला जाऊन तापीला मिळते आणि तापी शेवटी सुरतेजवळ अरबी समुद्राला. म्हणजे समुद्र एकच, फक्त रूट वेगळा!

हे धरण १९११ सालचं, इंग्रजांच्या काळातलं. सुरगाणा तेव्हा देशमुखांचं छोटं संस्थान होतं, ते १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं. धरण झालं ते खाली, कळवण तालुक्यात. आज मालेगावही त्यातलं पाणी पितं. वर मात्र उभे उतार आणि काळा कातळ. पावसाळ्यात धो धो कोसळतं, पण थांबत काहीच नाही. एप्रिल-मे आला की सुरगाण्यातल्या कित्येक पाड्यांवरच्या बायका हंडे घेऊन झऱ्यावर रांगा लावतात. इतका जुना बग, पण कुठल्याच रिलीजमध्ये फिक्स होत नाही.

पार-तापी-नर्मदा जोड २०२२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात आली. आदिवासींनी विरोध केला आणि गुजरातनं त्याच वर्षी माघार घेतली. मग २०२४ मध्ये महाराष्ट्रानं नार-पार-गिरणा मंजूर केली, खर्च सुमारे ७ हजार कोटी. पश्चिमेला जाणारं पाणी अडवायचं, पंपानं उचलायचं, बोगद्यातून गिरणा खोऱ्यात सोडायचं. खानदेशाला पाणी हवंय, त्यावर जळगावच्या मित्रांशी मी भांडणार नाही. पण धरणं होणार ती वरच्या खोऱ्यांत.

मामांना हे सगळं ऐकवलं. त्यांनी एवढंच विचारलं, "त्यातून आमच्या पाड्याला नळ येईल का?"

मी गळ गुंडाळायला घेतला. निघताना त्यांनी जाळ्यातले दोन कटला दिले. पैसे काही केल्या घेतले नाहीत.