कापलेले गवत कुठे जाते?

हिरवळ म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर काय येते? एखाद्या राजवाड्यासमोरचा गालिचासारखा पट्टा, क्रिकेटचे मैदान, विद्यापीठाचे आवार, गोल्फचे मैदान. ती कशी राखतात याचा विचार केलाच, तर आपण कापणीपर्यंत येऊन थांबतो. कापलेल्या गवताचे पुढे काय होते, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. मला मात्र उद्यानांच्या इतिहासात हाच प्रश्न सर्वांत बोलका वाटतो. गवत कापणे हे अर्धेच काम आहे. मैदान मोठे असेल तर ते अर्ध्याहूनही कमी आहे. कापलेले उचलायचे कोणी, न्यायचे कुठे आणि उचलायचे तरी का, या तीन प्रश्नांची उत्तरे गेल्या तीनशे वर्षांत अनेकदा बदलली. ती का बदलली, हे आज आपण पाहू.

सुरुवातीला हा प्रश्नच नव्हता. इंग्लंडमधल्या सरदारांच्या वाड्यांभोवती अठराव्या शतकात शेकडो एकरांची हिरवी कुरणे उभी राहिली. तिथे कापणी करायची ती मेंढ्यांनी. मेंढी गवत खाते आणि लेंडीच्या रूपाने ते जागच्या जागी परत करते. आपल्याकडे शेतकरी उन्हाळ्यात धनगरांना बोलावून शेतात मेंढ्या बसवतो, त्यामागचा हिशेब हाच. जमिनीतून घेतलेले जमिनीला मिळते, आणि वाहतुकीचा खर्च शून्य. ही रीत अगदी विसाव्या शतकातही मोठ्या घरी दिसली. पहिल्या महायुद्धात, १९१८ साली, अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर मेंढ्या सोडल्या होत्या. माळीकामातले मनुष्यबळ वाचले, आणि त्या मेंढ्यांच्या लोकरीच्या लिलावातून रेडक्रॉसला पन्नास हजार डॉलरहून अधिक रक्कम मिळाली.

पण वाड्याच्या अगदी दाराशी मेंढ्या कोणाला हव्या होत्या? तिथली हिरवळ हातानेच कापावी लागे. त्यासाठी लांब दांड्याचा मोठा विळा वापरत. उभ्याने, कमरेतून वळत, अर्धगोलात तो फिरवायचा. दवाने ओले झालेले गवत पात्याला नीट लागते, म्हणून हे काम भल्या पहाटे चाले. कापणाऱ्यांच्या मागून दुसरी तुकडी यायची, ती खराटे, दाताळी आणि टोपल्या घेऊन. धन्याची न्याहारी आटोपून तो खिडकीशी येईपर्यंत हिरवळीवर एक काडीही दिसता कामा नये, असा दंडक असे. ही हिरवळ म्हणजे एक प्रकारे श्रीमंतीची जाहिरातच होती. जिथे काही पिकवायचे नाही, एवढेच नव्हे तर उगवलेलेही रोज झाडून न्यायचे, अशी जमीन आपल्यापाशी आहे, हे पाहुण्याला न सांगता कळे.

आता आपण १८३० सालाकडे येऊ. इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायर परगण्यात स्ट्राउड नावाचे गाव आहे. हा सारा भाग लोकरी कापडाच्या गिरण्यांचा. तिथे एडविन बडिंग नावाचा एक यंत्रकारागीर होता. विणलेल्या कापडावरची लव सारखी छाटण्यासाठी गिरण्यांत एक यंत्र असे. त्यात पाती बसवलेला रूळ कापडावरून फिरे. जे यंत्र कापडाची लव कापते ते गवताची का कापणार नाही, असे बडिंगच्या मनात आले. १८३० मध्ये त्याने गवत कापण्याच्या यंत्राचे एकस्व मिळवले. यंत्र लोखंडी आणि चांगले जड होते. त्याच्या कापणीची रुंदी १९ इंच होती. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट म्हणजे, कापलेले गवत पुढच्या बाजूला एका पेटीत उडून पडेल अशी सोय त्यात होती.

सुरुवातीच्या यंत्रांपैकी एक लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयाच्या बागेत गेले. तिथल्या मुकादमाने असा अभिप्राय दिला की, हे यंत्र विळे आणि खराटे घेतलेल्या सहा ते आठ माणसांचे काम करते. या वाक्यातल्या ‘खराटे’ या शब्दाकडे मी तुमचे लक्ष वेधू इच्छितो. यंत्राने विळा कालबाह्य केला, हे सगळे इतिहास सांगतात. पण त्या मुकादमाला ठाऊक होते की खरी बचत खराट्याची आहे. कापणे आणि गोळा करणे ही दोन कामे पहिल्यांदाच एका फेरीत होऊ लागली होती.

मग मोठ्या मैदानांची अडचण उरली नाही का? उरली, किंबहुना वाढली. साधा हिशेब करून पाहा. एक एकर म्हणजे सुमारे ४०४७ चौरस मीटर. १९ इंची यंत्राने एक एकर कापायचा तर जवळपास साडेआठ किलोमीटर चालावे लागते. समजा, दर दोनशे मीटरांना पेटी भरली, तर एका एकरात ती चाळीसहून अधिक वेळा रिकामी करावी लागेल. दहा एकरांना चारशेहून अधिक वेळा! प्रत्येक वेळी थांबायचे, पेटी काढायची, ढीग करायचा, पुन्हा रांगेत यायचे. म्हणजे मैदान मोठे झाले की पाती कितीही धारदार असोत, कामाचा वेग ठरवते ती पेटी.

यावर पहिला उपाय निघाला तो जनावरे जुंपण्याचा. स्कॉटलंडमधील आर्ब्रोथजवळ लिंडसे कार्नेगी नावाच्या जमीनदाराची अडीच एकरांची हिरवळ होती. तिच्यासाठी अलेक्झांडर शँक्स या कारखानदाराने १८४१-४२ च्या सुमारास तट्टाने ओढायचे रुंद यंत्र तयार केले. पुढे मोठ्या बागांतून घोड्यांची यंत्रे सर्रास दिसू लागली. टापांचे ठसे हिरवळीत उमटू नयेत म्हणून या घोड्यांना चक्क चामड्याचे बूट घालत! आपल्याकडे ब्रिटिश अमदानीत हीच यंत्रे बैल ओढू लागले. शिवाय आपल्याकडे कापलेल्या गवताला मोलही होते. साहेबांच्या घोड्यांसाठी रोज गवत आणणारा एक स्वतंत्र नोकर असे. ‘घासकटा’ या आपल्या शब्दाचा साहेबांनी बहुधा ‘ग्रास-कटर’ असा अपभ्रंश केला आणि तो अँग्लो-इंडियन शब्दकोशात जाऊन बसला. ज्या देशात गवताचा भारा डोक्यावर घेऊन बाजारात विकायला येतात, तिथे कापलेले गवत कचरा कसे ठरणार? ती वैरणच.

दुसरा उपाय अधिक धाडसी होता. तो म्हणजे पेटीच काढून टाकणे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेत चार्ल्स वर्दिंग्टन याने तीन-तीन कापणीयंत्रे एकत्र जोडून ओढण्याची पद्धत रूढ केली. आधी घोडे आणि मग ट्रॅक्टर ही जोडयंत्रे ओढू लागले. गोल्फची विस्तीर्ण मैदाने, विमानतळ, बागा यांवर कापलेले गवत जिथे पडेल तिथे पडू लागले. त्यात कुठलाही शास्त्रीय सिद्धान्त नव्हता. एवढे गवत गोळा करणे परवडणारे नव्हते, इतकेच. फक्त खळगीभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर पेटी टिकून राहिली, कारण तिथे चेंडूच्या वाटेत एक काडीही चालत नाही. पण गंमत अशी की उरलेल्या मैदानाचे काहीच बिघडले नाही. उलट ते हिरवेगार राहिले.

असे का व्हावे? ताज्या कापलेल्या गवतात सुमारे ऐंशी टक्के पाणीच असते. उरलेल्या कोरड्या भागात साधारण चार टक्के नत्र, दोन टक्के पालाश आणि अर्धा टक्का स्फुरद असते. आपण पोत्यातून विकत आणतो ती खते हीच. कोवळी पाती काही दिवसांत कुजतात, गांडुळे आणि सूक्ष्मजीव ती मातीत नेतात. कापलेले गवत साठून हिरवळीवर तंतूंचा जाड थर बसतो, अशी समजूत माळ्यांमध्ये बराच काळ होती. तो थर मुख्यतः मुळे आणि जून, चिवट खोडे यांचा असतो, कोवळ्या पात्यांचा नव्हे, हे पुढच्या संशोधनातून स्पष्ट झाले.

परंतु शहाणपण सरळ रेषेत चालत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत उपनगरे वाढली. घरोघरी हिरवळ आणि घरोघरी मोटारीचे कापणीयंत्र आले, आणि त्याच्या मागोमाग प्लॅस्टिकची पिशवीही आली. दर आठवड्याला गवत कापायचे, पिशवीत भरायचे, रस्त्याच्या कडेला ठेवायचे. मग दुकानातून खत आणून त्याच जमिनीला घालायचे! १९९० च्या सुमारास त्या देशातील शहरी कचऱ्याचा जवळजवळ सहावा हिस्सा गवत, पाने, फांद्या असा बागेतला होता. कचराडेपो भरत आले तेव्हा राज्यांना जाग आली. इलिनॉय राज्याने १९९० पासून आणि विस्कॉन्सिनने १९९३ पासून बागेतला कचरा डेपोत टाकायला बंदी केली. त्याच सुमारास गवत बारीक चिरून पुन्हा हिरवळीतच पेरणारी यंत्रे लोकप्रिय झाली. मेंढीने जे फुकट केले होते, तिथे माणूस दोनशे वर्षांचा वळसा घालून पोचला.

जे गवत उचलावेच लागते त्याचे काय, या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या फार जवळ, होळकरांच्या इंदुरात सापडते. १९२४ मध्ये तिथे वनस्पती-उद्योग संशोधन संस्था सुरू झाली. सर अल्बर्ट हॉवर्ड तिचे संचालक आणि यशवंत वाड हे रसायनशास्त्राची बाजू सांभाळणारे त्यांचे सहकारी. दोघांनी मिळून १९३१ मध्ये शेतीतील टाकाऊ पदार्थांवर ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि ‘इंदूर पद्धत’ जगभर पोचली. नुसत्या ताज्या गवताचा ढीग केला तर तो एक-दोन दिवसांत तापतो, मग चिकट होतो आणि त्याला उग्र वास सुटतो. ओली पाती एकमेकांना चिकटतात, हवा आत शिरत नाही. शिवाय गवतात कर्बाच्या मानाने नत्र फार असते. म्हणून या पद्धतीत हिरवा पाला आधी सुकवायचा, त्यात कापसाच्या पऱ्हाट्या, वाळली पाने यांसारखा कोरडा माल मिसळायचा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख घालायची, आणि ढीग ठरावीक अंतराने चाळवायचा. साधारण तीन महिन्यांत खत तयार. हॉवर्डसाहेबांच्या नावाबरोबर वाडांचे नाव क्वचितच घेतले जाते, म्हणून ते इथे आवर्जून घेतो.

याला एक धोक्याची बाजूही आहे. १९९९ ते २००१ या काळात अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात कंपोस्ट घातलेली टोमॅटोसारखी पिके वाकडीतिकडी वाढू लागली. तपासात क्लोपिरालिड हे तणनाशक आढळले. ते गवतावर फवारले होते, आणि कंपोस्टच्या उष्णतेतही ते पुरते नष्ट झाले नव्हते. आपण हिरवळीवर जे ओततो ते कापलेल्या गवताबरोबर पुढे प्रवास करते, मग ते खताच्या खड्ड्यात जावो की गाईच्या गव्हाणीत.

हा इतिहास आज आपल्या कामाचा का आहे? आपल्या शहरांतही मोठमोठी आवारे, मैदाने, वसाहती झाल्या आहेत. अशाच एका आवाराची देखभाल पाहणाऱ्या मुकादमांना मी एकदा विचारले, ‘सगळ्यांत जास्त वेळ कशात जातो?’ ते म्हणाले, ‘साहेब, कापायला एक दिवस लागतो, उचलायला दोन.’ उचलायचे काम बहुधा बायका करतात, उन्हात वाकून, आणि कापणाऱ्यापेक्षा कमी मजुरीवर. ते गवत नंतर डेपोत जाते, किंवा कोपऱ्यात पेटवले जाते. २०१६ च्या घनकचरा नियमांनी बागेतला कचरा आपल्याच आवारात वेगळा ठेवायला सांगितले, उघड्यावर जाळायला मनाई केली. पण नियमांआधी सवय बदलायला हवी.

ती बदलणे अवघड नाही. गवत कोरडे असताना कापावे. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक कापू नये, म्हणजे चूर बारीक पडतो आणि पात्यांमध्ये झिरपून दिसेनासा होतो. पावसाळ्यात वाढ हाताबाहेर गेली, गवताचे गठ्ठे पडू लागले, रोग दिसला किंवा तणाला बी धरले, तरच ते उचलावे आणि वाळल्या पानांबरोबर खतात घालावे. फवारणी केलेले गवत मात्र गुरांना घालू नये आणि खतातही मिसळू नये.

गवत तीनशे वर्षांपूर्वी होते तसेच आजही आहे. ते कधी मेंढीचा चारा झाले, कधी धन्याच्या ऐटीला बाधा आणणारी काडी, कधी घासकट्याची रोजी, कधी पिशवीतला कचरा. ही सगळी नावे माणसाने दिली, आपल्या सोयीने आणि आपल्या खिशाकडे पाहून. जमिनीच्या लेखी मात्र ते पहिल्यापासून खतच होते. तेव्हा एखाद्या मोठ्या हिरवळीवर कापणी चाललेली दिसली, तर यंत्राकडे पाहून झाल्यावर क्षणभर त्याच्या मागेही पाहा. तिथे खराटा घेऊन कोणी वाकले आहे का, आणि त्या वाकण्याची खरोखर गरज आहे का, एवढे स्वतःला विचारा.